रूथबाईंचा पत्ता

मुंबईच्या विमानतळावरून निघालो तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी होती. माझा पुतण्या शिरीष याने ती न्यू जर्सीहून मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहून पाठवली होती. घराचा नंबर, रस्ता, गाव, राज्य आणि पाच आकडी पिनकोड. खाली सूचना : ‘काका, हरवलात तर ही कुणालाही दाखवा.’ माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. कऱ्हाडच्या निवृत्त पोस्टमास्तराला पत्ता नीट जपायला सांगणं म्हणजे भटजीला सोवळं शिकवण्यासारखं होतं. हिचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते, त्यामुळे मी एकटाच निघालो होतो. साल सत्त्याऐंशी, महिना मे.

न्यूयॉर्कला शिरीष घ्यायला आला होता. विमानतळापासून त्याच्या घरापर्यंत दीड तास लागला. त्या दीड तासात मला पायी चालणारा एकही माणूस दिसला नाही. मी त्याला तसं म्हटलं, तर तो हसला. “इथे कोण चालतंय, काका? दूध आणायलासुद्धा ड्राइव्ह करतो आम्ही.”

घर आयसेलिन नावाच्या गावापासून दहा मिनिटांवर, एका नव्या वसाहतीत होतं. लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, आतून पुठ्ठ्यासारख्या भिंती. मी एका भिंतीवर टिचकी मारून पाहिली, तर आतून ढोलकीसारखा आवाज आला. शिरीषची बायको मीनल म्हणाली, “काका, खिळा ठोकायचा असेल तर सांगा हं. कुठेही ठोकला तर पलीकडे निघतो.”

चहा व्हायच्या आत मला घर दाखवण्यात आलं. हा तिथल्या आपल्या लोकांचा एक विधी आहे. पाहुण्याला अंघोळीचं पाणी नंतर, आधी घर. चार झोपायच्या खोल्या, अडीच बाथरूम (अर्ध्यात अंघोळ करता येत नाही), बेसमेंट म्हणजे तळघर, आणि शेवटी गॅरेज. किंमत मी विचारली नव्हती, तरी सांगितली गेली : एक लाख सत्तर हजार डॉलर. मी मनातल्या मनात तेराने गुणलं आणि जिन्याचा कठडा धरला. एवढ्या पैशांत आमच्या पेठेची एक बाजू विकत घेता आली असती, मारुतीच्या देवळासकट.

“म्हणजे हे सगळं तुझं?” मी विचारलं.

“माझं कुठलं? बँकेचं,” शिरीष म्हणाला. “मी अजून एकोणतीस वर्षं हप्ते भरायचे. पण काका, आत्ता घेतलं म्हणून मिळालं. मागच्या वर्षी हेच पंचवीस हजारांनी स्वस्त होतं. थांबलो असतो तर गेलं असतं हातातून.”

पुढच्या रविवारी त्याच वसाहतीतल्या एका मराठी कुटुंबाची वास्तुशांत होती. भटजी आठवडाभर कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारे. होम गॅरेजमध्ये झाला, कारण घरात धूर झाला की छतावरचं यंत्र बोंबलायला लागतं. गॅरेजचं दार वर उचललेलं, एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला बर्फ ढकलायचं यंत्र, आणि मध्ये अग्निनारायण. पुरुष मंडळी बाहेर लॉनवर कागदी थाळ्या घेऊन उभी होती आणि सगळ्यांचा विषय एकच होता, व्याजाचा दर. मी कुणाच्या तोंडी एखाद्या नातवाइतक्या प्रेमाने व्याजदराचं कौतुक कधी ऐकलं नव्हतं. “आम्हाला नऊ टक्क्यांनी मिळालं, यार,” एकजण म्हणाला, तर बाकीच्यांनी आपापला दर जरा हळू आवाजात सांगितला. जिलबी छान होती. ती आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर नुकत्याच निघालेल्या दोन-चार देशी दुकानांपैकी एकातून आणली होती.

दोघंही नोकरीला आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी नेहा शाळेत गेली की घरात मी आणि फ्रिजचा आवाज. मीनलने मला एक काम दिलं. वसाहतीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर एका चर्चची मागची मोकळी जमीन होती. गावातल्या लोकांना तिथे भाजी लावायला एकेक वाफा देत. मीनलने एक वाफा घेऊन त्यात मेथी लावली होती, पण पाणी घालायला तिला वेळ नव्हता. मी रोज सकाळी जाऊ लागलो. त्या रस्त्याने पायी जाणारा बहुधा मी पहिलाच. दोनदा गाड्या थांबल्या आणि आतल्या लोकांनी मला काही मदत हवी आहे का ते विचारलं.

दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी जाऊन पाहतो, तर आमची अर्धी मेथी उपटून बाजूला ढीग केलेला, आणि पासष्टीच्या पुढची एक गोरी बाई गुडघ्यांवर बसून उरलेली उपटतेय. डोक्यावर वेताची टोपी, हातात मोजे.

“बाई, हे काय करताय?” मी इंग्रजीत विचारलं.

“तुमचं तण काढतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नवीन दिसता. क्लोव्हरने सगळा वाफा खाल्ला होता बघा.”

क्लोव्हर म्हणजे त्यांच्याकडचं एक तण, पानं हुबेहूब मेथीसारखी. हे तण नसून आम्ही त्याची भाजी करतो हे सांगितल्यावर त्यांनी एक पान चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “तुम्ही लोक मुद्दाम कडू खाता?”

दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून त्यांनी मला चार काकड्या आणि सॅलडची पानं आणून दिली. नाव रूथ. मला त्यांनी काय म्हणायचं हा प्रश्न आला, तेव्हा घरात मला काका म्हणतात असं मी सांगितलं. त्यांनी लगेच ते उचललं. मी त्यांना रूथबाई म्हणू लागलो. ‘बाई’चा अर्थ विचारल्यावर मी म्हटलं, शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात. त्या खूश झाल्या. त्यांनी वीसेक वर्षं एका शाळेच्या लायब्ररीत काम केलं होतं.

रूथबाईंचा वाफा पाहण्यासारखा होता. टोमॅटो, घेवडा, गाजरं, कांदे, कडेने झेंडू. बाजारातून त्या फक्त पाव, दूध आणि कॉफी आणत. बाकी सगळं हातचं. बियाणंसुद्धा घरचं. कॅमेऱ्याच्या रिळाच्या रिकाम्या डब्यांत ते भरून वर नावं चिकटवलेली. शहरातल्या माणसांना आपण काय खातो हेच माहीत नसतं, असं त्यांचं ठाम मत. “माझं मी भागवते,” हे त्यांचं पालुपद. मला वाटलं, एखाद्या जुन्या टुमदार घरात राहत असतील, मागच्या ओसरीवर खुर्ची असेल.

जुलैत एक दिवस फार ऊन होतं. त्या म्हणाल्या, “काका, कॉफी घ्या, चला.” मी त्यांच्या मागून गेलो. चर्चच्या आवाराच्या टोकाला झाडाखाली त्यांची लांबलचक जुनी स्टेशन वॅगन उभी होती. मला वाटलं, आता गाडीत बसून घरी जायचं. रूथबाईंनी मागचं दार वर उचललं.

आत अंथरूण होतं. कडेने घडी घातलेली चादर, उशी, उशाशी पुस्तकं. खिडक्यांना इलॅस्टिकच्या दोरीवर ओवलेले फुलाफुलांचे पडदे. एका खोक्यात भांडी, एका खोक्यात कपडे, एक छोटी गॅसची शेगडी. पुढच्या काचेखालच्या फळीवर वर्तमानपत्र पसरून टोमॅटोच्या चकत्या उन्हात वाळत घातल्या होत्या. ते वाळवण पाहून मला आधी बरं वाटलं, कारण ते ओळखीचं होतं. मग बाकीचं ध्यानात आलं.

“साखर?” रूथबाईंनी विचारलं.

हकीकत त्यांनीच सांगितली, कॉफी ढवळता ढवळता. एका जुन्या घराच्या माडीवर त्या एकोणीस वर्षं भाड्याने राहत होत्या. नवरा तिथेच गेला. मग घरमालकीण वारली. घरांचे भाव चढलेले, मुलांनी घर विकलं. नव्या मालकाला सगळं घर स्वतःसाठी हवं होतं. दुसरीकडे भाडं विचारलं, तर त्यांच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त. मुलगा ॲरिझोनात चाकांवरच्या घरात तीन मुलांसह राहत होता. “त्याला मी सांगितलंय की मी मैत्रिणीकडे असते,” त्या म्हणाल्या. या गाडीत त्यांचे दोन हिवाळे गेले होते. न्यू जर्सीत बर्फ कमरेपर्यंत येतो.

मी गरिबी पाहिलेली नाही असं नाही. पण आमच्याकडे गरीब माणूस गरीब दिसतो. समोर इस्त्रीचा ब्लाउज घातलेल्या, लायब्ररीतून आणलेलं प्रवासाचं पुस्तक वाचणाऱ्या बाई होत्या, आणि त्यांच्या भाज्यांना जमिनीचा तुकडा होता, त्यांना नव्हता. संध्याकाळी शिरीषने बटण दाबून गॅरेजचं दार उघडलं. त्याच्या दोन्ही गाड्या छपराखाली सुरक्षित लागल्या आणि दार खाली आलं. मी बराच वेळ त्या दाराकडे बघत उभा राहिलो.

रूथबाईंची एकच आशा होती. म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी मदतीची काही घरं त्या गावात होती. उत्पन्नाच्या हिशेबाने भाडं, एक खोली, स्वयंपाकघर, वर गरम पाणी. यादीत त्यांचं नाव दोन वर्षं होतं आणि आता वर आलं होतं. खोली रिकामी झाली की पत्र येतं. दहा दिवसांत जाऊन होकार द्यायचा. पत्र परत गेलं, तर नाव कापलं जातं. इतके दिवस त्यांनी मैत्रिणीचा पत्ता दिला होता. ती मैत्रीण आता फ्लोरिडाला निघाली होती.

“आणि पत्ता गावातलाच हवा,” रूथबाई म्हणाल्या. “नाहीतर मी या गावची नाही असं होतं. जन्मल्ये इथे.”

मी हसलो. माझ्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे निम्म्या गावाची पत्रं ‘द्वारा’ येत. द्वारा अमुक किराणा दुकान, द्वारा तमुक मास्तर, द्वारा एस. टी. कँटीन. मी जन्मभर ती वाटली. ज्याला घर नाही त्याला निदान द्वारा असतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांच्या वहीत शिरीषचा पत्ता लिहून दिला.

त्यांनी वही हातात धरून विचारलं, “हे तुमचं घर आहे?”

“पुतण्याचं आहे. म्हणजे माझंच.”

“त्याला चालेल?”

“त्यात न चालण्यासारखं काय?” मी म्हणालो.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. कुणाचं तरी पत्र आपल्याकडे येणार ही सांगण्याजोगी गोष्ट आहे, असं माझ्या मनातच आलं नाही. कऱ्हाडला आमच्याकडे कुणाकुणाची पत्रं येत होती ते मला अजून नीट माहीत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री जेवताना शिरीष मीनलला म्हणाला, “अगं, या रस्त्यावर कुणी रूथ नावाचं राहतं का? शुक्रवारी तिच्या नावाचं गव्हर्नमेंटचं पत्र आलं होतं. मी ‘इथे राहत नाही’ लिहून परत टाकलं.”

“पाकिटावर द्वारा नव्हतं?” मी विचारलं.

“द्वारा म्हणजे?”

मग मी सगळं सांगितलं. शिरीषने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा उच्चारला.

“काका, तुम्ही माझा ॲड्रेस रस्त्यावरच्या बाईला दिलात?”

“रस्त्यावरची नाही. गाडीतली.”

“उद्या तिने काही केलं तर पोलीस माझ्या दारात येतील. इन्शुरन्स आहे, टाउनचे रूल्स आहेत. या वसाहतीत एका घरात एकच फॅमिली राहू शकते, हे लिहून दिलंय मी. माझा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे.”

नेहाने ताटातून डोकं वर केलं. “आजोबा, यू शुड हॅव आस्क्ड.”

पोरीचं बरोबर होतं. मीनल उठून फ्रिजपाशी गेली आणि काही न घेताच परत आली. “शुक्रवारी म्हणजे चार दिवस झाले,” एवढंच ती म्हणाली.

सकाळी मी वाफ्यावर गेलो. रूथबाई घेवड्याच्या शेंगा तोडत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी हातातली शेंग मोडली, दाणे तळहातावर घेतले, खिशात टाकले.

“गाडीत बसा,” त्या म्हणाल्या.

ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. काचेमागची बाई तरुण आणि नम्र होती. तिने कॉम्प्युटरवर नाव काढलं. मी तिला विचारलं की अर्जात आम्ही द्वारा लिहिलं होतं, ते पाकिटावर का आलं नाही. तिने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. नाव, घराचा नंबर, रस्ता, गाव. चार ओळी. “पाचवी ओळ मशीन घेत नाही, सर,” ती म्हणाली. माणूस चंद्रावर पाठवणाऱ्या देशाच्या यंत्रात द्वारा मावत नव्हतं. मी पोस्टातल्या माणसाला शोभणारं एक लहान भाषण केलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ती खोली आता पुढच्या नावाला गेली आहे.

“आणि माझं नाव?” रूथबाईंनी विचारलं.

“पत्र परत आलं की सात दिवसांनी कापलं जातं. पण तुम्ही खरंच त्या पत्त्यावर राहता असं घरमालकाने लिहून दिलं तर राहील. आहे त्याच जागी राहील.” तिने एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. ‘या पत्त्यावर राहतात’ आणि ‘या पत्त्यावर राहत नाहीत’.

“मला घर नाही म्हणून तर मी यादीत आहे,” रूथबाई म्हणाल्या.

“मला समजतं, मॅम,” ती मुलगी म्हणाली. मला वाटतं तिला खरंच समजत होतं. पण चौकोन दोनच होते.

परत येताना रूथबाईंनी तो कागद माझ्याकडे दिला नाही. “तुमच्या पुतण्याला खोटं लिहायला लावायचं नाही मला,” त्या म्हणाल्या. मीच तो पुस्तकांच्या ढिगावरून उचलला.

रात्री कागद जेवणाच्या टेबलावर होता. शिरीषने तो दोनदा वाचला. “नाही, काका. खाली लिहिलंय बघा, खोटी माहिती दिली तर गुन्हा. त्यांची मेल येऊ दे आपल्याकडे, आता माझी ना नाही. पण ‘राहतात’ कसं लिहू?”

“मग त्यांना राहायला बोलव,” मीनल म्हणाली. “गेस्ट रूम आहे.”

“विचारलं मी,” मी म्हणालो. “त्यांना पत्र हवंय, आसरा नको म्हणाल्या.”

मग मीनल शिरीषकडे वळली. “शिरीष, आपलं लग्न ठरल्यावर मी तुला पहिली तीन पत्रं लिहिली, ती कुठल्या पत्त्यावर?”

शिरीष कागदाची कड दुमडू लागला.

“सांग ना काकांना.”

“न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये,” तो म्हणाला. “देशपांड्यांकडे.”

“तू तिथे राहत होतास?”

“दोन महिने राहिलो. पुढे नुसता ॲड्रेस वापरला. दीड वर्ष.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “सात जणांचा होता तो ॲड्रेस. एका पेटीवर सात आडनावं. बँक, युनिव्हर्सिटी, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे तोच. मी तेव्हा एका लॅबच्या स्टोअररूममध्ये झोपायचो. आईला सांगितलं नव्हतं.”

हे मलाही नवीन होतं. माझ्या भावाने त्या काळात पेठेत पेढे वाटले होते.

“देशपांड्यांनी कुठल्या चौकोनात खूण केली असेल?” मीनलने विचारलं.

शिरीषने पेन मागितलं. सही करताना त्याचा चेहरा एखादं औषध घेताना होतो तसा झाला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी तो माझ्याबरोबर वाफ्यावर आला. कडक कॉलर, टाय, पॉलिश केलेले बूट, सगळं चिखलात. त्याने कागद रूथबाईंच्या हातात दिला. त्यांनी सही नीट वाचली आणि मग त्याच्या बुटांकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही कडू पानं खाणारे दुसरे का?” तो हसला. त्या संध्याकाळी त्याने रस्त्याकडेच्या टपालपेटीवर आमच्या आडनावाखाली पांढऱ्या रंगाने RUTH अशी चार अक्षरं लिहिली. शेजाऱ्याने विचारलंच, तेव्हा माझी आत्या आहे म्हणाला. शेजाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मी निघालो. मधल्या काळात मला नायगारा दाखवण्यात आला, वॉशिंग्टन दाखवण्यात आलं, आणि पांढऱ्या संगमरवराच्या इतक्या इमारतींपुढे माझे फोटो काढले की मी कुणीतरी राजदूत वाटावा. निरोप घ्यायला वाफ्यावर गेलो, तर रूथबाई टोमॅटोची रोपं उपटत होत्या. थंडी पडायला लागली होती. त्यांनी मला वाळवलेल्या चकत्यांची बरणी दिली. “हिवाळ्याचं काय करणार?” मी विचारलं. “करते दरवर्षी तेच,” त्या म्हणाल्या.

कऱ्हाडला परतल्यावर आठवडाभर माणसं येत होती. अमेरिका कशी आहे हे त्यांना ऐकायचं होतं, पण माझ्याकडून नव्हे. त्यांना आधीच माहीत असलेलं माझ्या तोंडून पुन्हा हवं होतं. मी रूथबाईंची हकीकत सांगितली की खोलीत अविश्वास पसरे. “गोरी बाई? गाडीत?” आमच्या जुन्या हेडक्लार्कांनी विचारलं. “पण गाडी आहे ना तिच्याकडे? मग गरीब कशी?” दुसरे एकजण म्हणाले, “मास्तर, तुम्हाला तिथे नीट हिंडवलेलं दिसत नाही.” मी पुढे नायगाराच सांगू लागलो. धबधब्यावर कुणाची हरकत नव्हती.

डिसेंबरात शिरीषचं पत्र आलं. जाड होतं. माझ्या पुतण्याला चार ओळींपुढे लिहिण्याची सवय नाही. मी ते उंबऱ्यातच फोडलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रूथबाईंचं पत्र आलं होतं. दुसरी खोली रिकामी झाली होती. शिरीष त्याच संध्याकाळी ते घेऊन चर्चकडे गेला, तर झाडाखाली गाडी नव्हती. वाफे नांगरून टाकलेले. लायब्ररीत विचारलं, कपडे धुण्याच्या दुकानात विचारलं. पुढचे दिवस तो आणि मीनल ऑफिसातून सुटले की दोन गाड्यांतून दोन दिशांना जात. सुपरमार्केटांच्या मागे, स्टेशनजवळ, नदीकाठच्या पार्किंगमध्ये. ‘काका,’ त्याने लिहिलं होतं, ‘या गावात आठ वर्षं राहतोय. गाडीत झोपणारी माणसं मला एकही माहीत नव्हती. दहा दिवसांत मी अकरा गाड्यांच्या काचेवर टकटक केलं. एका गाडीत दोन मुलांची आई होती. ती घाबरून निघूनच गेली.’

दहावा दिवस गेला. तेराव्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. नेहाने दार उघडलं. रूथबाई होत्या, हातात कागदी पिशवी. महिन्याच्या सुरुवातीला त्यांना गाडीतच ताप भरला होता, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली होती. निमोनिया. त्या इस्पितळात असताना गाडी बेवारस म्हणून ओढून नेली होती. सोडवण्याचं भाडं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. पडदे, पुस्तकं, बियाणं, सगळं त्यातच.

‘त्यांनी नेहाला विचारलं, माझी मेल आली आहे का? मी घरी आल्यावर पत्र हातात दिलं. त्यांनी तारीख वाचली, घडी केली आणि म्हणाल्या, या वेळी आलं तर खरं. ऑफिसने नाव यादीत ठेवलंय, पण तळाला. बाहेर बर्फ होतं. मीनलने काही विचारलं नाही, त्यांची पिशवी घेतली आणि खाली नेऊन ठेवली. गेस्ट रूममध्ये त्या राहायला तयार नाहीत, कुणी आलं तर अडचण होईल म्हणतात. बेसमेंटमध्ये पलंग टाकलाय. टाउनच्या नियमाप्रमाणे बेसमेंटमध्ये माणसाने राहायचं नाही. शेजाऱ्यांना पाहुण्या आहेत असं सांगितलंय. काका, त्या इथे राहत नव्हत्या तेव्हा मी राहतात म्हणून सही केली आणि ती चालली. आता त्या राहतात, तर मला ते कुणाला सांगता येत नाही.’

मी पत्र दुसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा ही आतून गुडघा धरत बाहेर आली.

“शिरीषचं? काय म्हणतोय?”

“त्या रूथबाई त्याच्या तळघरात आहेत.”

“भाड्याने?”

“नाही.”

“मग पाहुण्या म्हणून?”

“शेजाऱ्यांना तसं सांगितलंय.”

“आणि तिकडच्या त्या कागदावर?”

“कागदावर घरातल्याच आहेत.”

“मग नक्की काय म्हणून आहेत त्या तिथे?”

मी चष्मा काढला आणि पत्राची घडी घातली. शिरीषला पाच पानं लिहूनही जे जमलं नव्हतं, ते मला एका वाक्यात सांगायचं होतं.

“राहतात म्हणावं की,” ही म्हणाली आणि ओट्याकडे वळली. “चहा टाकू का?”